परक्याचं सूत

मार्चच्या एकतीस तारखेला
सिव्हिल लाइन्सच्या आमच्या लेखा विभागात
कूलर नुसताच घरघरतो, पाणी दुपारीच संपलेलं,
आणि नेमके त्याच दिवशी
दौलत निखारे येतात तांडापेठेहून,
शेअर ऑटोनं बर्डीपर्यंत, पुढे पायी,
मालमत्ता कराची पावती प्लास्टिकच्या पिशवीत,
पिशवी रुमालात.

"मॅडम, येकच सांगा.
शहरापाशी पैसे हायेत का नाई?"

आहेत, मी म्हटलं.

"मंग आमच्या गल्लीचा खांब आंधळा काहून?"

आता ह्या माणसाला काय सांगू.
ताळेबंद पुढे केला, तीनशे बारा पानं.
बाबा, हा बँकेतला आकडा दिसतो ना एवढा मोठा,
तो आपला नाही. तिथे पुष्कळांचा मुक्काम आहे.
ही ठेकेदारांची अनामत,
रस्ता तीन पावसाळे टिकला की परत करायची.
हे नाल्याच्या भिंतीसाठी आलेलं अनुदान,
भिंत उभी राहीपर्यंत आमच्या डोक्यावरचं देणं.
हा शिक्षण कर, तुमच्याच पावतीवरचा,
वसूल आम्ही करतो, जातो राज्याला.
वृक्ष निधी: यातून झाड, नाहीतर झाडाचं कुंपण. बस.
हा पेन्शनचा. याच्याकडे मी फार वेळ बघत नाही,
माझंच म्हातारपण आहे त्यात.
आणि दिवाबत्तीचं शीर्ष हे
(बोट ठेवलं),
डिसेंबरातच संपलं.

वाटलं, आता चिडणार.
मागच्या आठवड्यात एकानं
शाईचं पॅडच उलटं केलं होतं,
ओढणीवरचा जांभळा डाग अजून गेला नाही.

निखारे पानाकडे बघत राहिले.
मग म्हणाले, "सेठचं सूत."

काय?

"इतवारीचा सेठ सूत तोलून द्याचा.
घर भरून सूत राहे,
आन् त्यातला येक धागा आपला नाई.
ह्याचं सूत त्याच्या लुगड्यात गेलं
तं माणूस चोर. मंग घरातली बायको
फाटकं नेसून असो.
तोळाभर तूट मात्र सोडे तो. खळीची, हवेची.
तुमच्यात सोडते का?"

सोडतात. घसारा म्हणतात.
मालमत्तेचं रजिस्टर उघडलं:
तुमचा खांब, शहाण्णव सालचा,
आजची किंमत रुपये एक.

"पेटत नाई तरी रुपाया?"

उभा आहे म्हणून.

ते हसले. तोंडात खालचे दोनच दात.
बावीस वर्षांत घसाऱ्यावर हसलेला
मी पाहिलेला हा पहिला माणूस.

मग त्यांचं बोट शेवटच्या पानाकडे घसरलं.
"आन् हे काय, उचंत?"

जमा झालेत, कोणाचे ते कळलेलं नाही.

"मंग हेच लावा ना मॅडम.
येक बल्ब. कोनाले समजते?"

मी म्हटलं,
सेठ सापडत नाही म्हणून
सूत आपलं होतं का, बाबा?

वाक्य तोंडातून निघालं आणि मला माझीच लाज वाटली.
त्यांचंच हत्यार, त्यांच्याच गळ्यावर.

ते काही बोलले नाहीत.
रुमाल झटकला, कपाळ पुसलं,
"बराबर हाय," म्हणाले,
आणि जिन्यावर त्यांच्या चपलांचा आवाज
बराच वेळ उतरत राहिला.

रात्री अकराला दोन्ही बाजू जुळल्या.
साहेबांनी सर्वांना समोसे मागवले
(कोणत्या शीर्षातून, मी विचारलं नाही).
नवीन वर्षाच्या मागणीत मी एक ओळ घातली,
तांडापेठ, एक दिवा,
आणि खांबाचा नंबर आठवेना.

तेव्हा फाइलींखाली ती पिशवी दिसली.
पावती विसरून गेले होते.
पावतीच्या मागे, पेन्सिलनं, दाबून दाबून
खांबाचा नंबर,
खाली शिकल्यासारखी सही.

नंबर उतरवून घेतला.
आता पावती नेऊन द्यायला हवी.
उद्याच जावं,
म्हणजे सुट्टी टाकून, दिवसा,
त्या गल्लीत मला
रात्रीचं घर सापडायचं नाही.